देवीचं बोलावणं आणि हाफ तिकीट

आमच्याकडे माहूरला कुणी आपल्या मनानं जात नाही. देवीचं बोलावणं यावं लागतं. ते नसेल तर नांदेडच्या स्टँडवर दिवसभर उभं राहा, गाडी मिळायची नाही, असं आज्जी सांगायची. आमच्या घरी हे बोलावणं थेट अण्णांना, म्हणजे वडिलांना, यायचं, आणि नेमकं आम्हा पोरांपैकी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या आधी यायचं.

कारण एसटीचं हाफ तिकीट. शेजारचे काका मिसरूड फुटलेल्या पोराला ‘पाय दुमडून बस’ म्हणत हाफमध्ये बसवायचे. अण्णांना ते पाप वाटे. त्यांचं म्हणणं, वय खोटं सांगायचं नाही. खरं आहे तोवर प्रवास उरकून घ्यायचा. मला डिसेंबर 1986 मध्ये बारा पूर्ण होणार होती, म्हणून त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीतच देवीनं बोलावलं. धाकटा अजून बिनतिकिटाच्या वयात होता. ताईला चौदावं लागलेलं. तिचं फुल तिकीट काढताना अण्णा तिच्याकडे असे बघायचे, जणू ती मुद्दाम वाढली होती.

नांदेड ते माहूर लांबचा पल्ला. भोकर, हिमायतनगर, किनवट अशी गाडी जायची आणि आम्ही शेवटच्या बाकावर. त्या बाकावरून रस्ता दिसत नसे, नुसता कळे. किनवटच्या पुढं सागाचं रान लागलं की आज्जी हात जोडायची. बराच काळ मला वाटायचं, ती सागाच्याच पाया पडते.

खाण्याचा खर्च शून्य. आईनं रात्रीच दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून घेतलेला असे. गाडी थांबली की बाकीचे लोक हॉटेलात भजी खायचे. आम्ही त्यांच्याच वासावर धपाटे खायचो. अण्णा एक चहा आणि दोन रिकाम्या बश्या मागवायचे. एक बशी आज्जीला, एक आईला, आणि कपात उरलेलं स्वतःला. आम्हाला काय, तर ‘चहानं पोरं काळी होतात.’ धाकटा न पिताच काळा होता, पण ते बोलायची सोय नव्हती.

माहुरात उतरल्यावर गडावर जायला गाडी असायची. अण्णा तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. “देव चालत आलेल्याला पावतो,” म्हणायचे. “मंग नांदेडहून कामून गाडीत आलो?” असं ताईनं एकदा विचारलं. त्यानंतर गडावर पोचेपर्यंत पाण्याची कळशी तिच्याकडेच होती.

रेणुकामातेच्या पायऱ्या किती, यावर आमच्या घरात आजतागायत एकमत नाही. जाताना मोजायला लावलं की पोरं ‘दमलो’ म्हणत नाहीत, हा अण्णांचा शोध. आम्ही तिघं तीन आकडे आणायचो. मग खरा आकडा काढायला उतरताना पुन्हा मोजायच्या. असं दोन्ही वेळचं गप्प राहणं ते फुकटात मिळवत.

वर देवी म्हणजे नुसतं मुख, शेंदराचं, भलंमोठं. साडेतीन पीठांतलं हे एक पूर्ण पीठ. धड का नाही, याची गोष्ट आज्जी दरवर्षी सांगायची. परशुरामानं कावडीत एका बाजूला बापाचं प्रेत आणि दुसऱ्या बाजूला आईला घेतलं आणि कोरी जमीन शोधत तो इथवर आला. बापाला अग्नी दिला, आई सती गेली. मग पोरगं आईसाठी रडायला लागलं. आकाशवाणी झाली, आई जमिनीतून वर येईल, पण तोवर मागं वळून बघू नकोस. त्याला काही धीर निघाला नाही. त्यानं वळून बघितलं तेव्हा मुखच तेवढं वर आलं होतं. “घाई केली की असं अर्धंच मिळतं,” आज्जी म्हणायची. अर्धं मिळण्यात वाईट काय, हे हाफ तिकिटावर आलेल्या मला कळायचं नाही.

देवीचा प्रसाद म्हणजे विडा, खलबत्त्यात कुटलेला तांबूल. एरवी आम्हाला पान खायला बंदी. इथं मात्र देवाचं म्हणून सूट. त्या वर्षी धाकट्यानं प्रत्येकाच्या हातातला थोडा थोडा मागून घेतला आणि मुठीनं खाल्ला. त्याचा परिणाम परतीच्या वाटेवर दिसला. पण आधी दत्तशिखर.

माहुरात दत्त शिखरावर, अनसूयामाता तिच्या वेगळ्या शिखरावर. चढून चढून आमच्या पिंढऱ्यांचे गोळे झालेले. वर पोचल्यावर अण्णांनी झाडाखाली सतरंजी अंथरली आणि ते आडवे झाले. आई म्हणाली, “अहो, देवाच्या दारात झोपता?” अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, “दत्तगुरूंचा रोजचा क्रम काय? काशीत अंघोळ, कोल्हापुरात भिक्षा आणि निजायला माहूर. काशी-कोल्हापूर आपल्याला झेपत नाही. निदान शेवटचं तरी पाळू दे.” पाच मिनिटांत ते घोरायला लागले. एवढी शास्त्रोक्त झोप मी पुन्हा पाहिली नाही.

उतरताना खाली सीताफळवाल्या बसलेल्या. माहूरच्या डोंगरात सीताफळ उदंड. अण्णा सकाळी भाव विचारायचे आणि घ्यायचे संध्याकाळी, कारण तेव्हा बायांना घरी जायची घाई असते. अख्खी टोपली आली. ती मी उचलायची. मी कुरकुरलो तर आज्जी म्हणाली, “अरे, परशुरामानं आईबापाला आणलं. तुला सीताफळं जड झाली?”

घेताना ती दगडासारखी होती. पण शेवटच्या बाकाच्या हादऱ्यांनी जे पिकतं ते अढीतही पिकत नसेल. हिमायतनगर येईपर्यंत माझी चड्डी सीताफळ झाली होती. तेवढ्यात धाकट्याला गाडी लागली, आणि पोटातला सगळा तांबूल लालभडक होऊन त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. पुढची बाई किंचाळली, “अगं माय, पोराच्या तोंडातून रगत आलं!” कंडक्टरनं घंटी मारली, गाडी थांबली. कुणी कांदा पुढं केला, कुणी चप्पल. अण्णा उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “प्रसाद आहे.” निम्म्या गाडीनं हात जोडले.

आता पुढची गोष्ट. अण्णांची जन्मतारीख 1 जून 1948. खरी कुणालाच ठाऊक नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी गावातल्या सगळ्या पोरांना 1 जूनलाच जन्माला घातलं. पण योगायोग असा की एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला निघाली तीही 1 जून 1948 लाच. त्यामुळे अण्णा तिला जुळी बहीण मानतात आणि तिच्याकडून हक्कानं घेतात. पासष्टी झाली, अर्धं तिकीट लागू झालं, लगेच देवीचं बोलावणं आलं. 2022 मध्ये पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत झाला. मी म्हटलं, “चला.” अण्णा म्हणाले, “अजून बोलावणं नाही.” मार्च 2023 मध्ये बायकांना निम्मं भाडं झालं. आई बॅग भरायला उठली. अण्णा म्हणाले, “थांब.”

बोलावणं आलं 2 जून 2023 ला. शुक्रवार, देवीचा वार. मी कार काढतो म्हटलं तर अण्णा म्हणाले, “कारमधी फुकट कुठंय?” कंडक्टरनं आधार कार्ड बघून त्यांना शून्य रुपयाचं तिकीट दिलं. ते त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खिशात जपून ठेवलं. आईचं अर्धं, बायकोचं अर्धं. पूर्ण तिकीट माझं एकट्याचं. ते काढताना अण्णांनी माझ्याकडे बघितलं, ताईकडे बघायचे तसंच.

गडावर लिफ्ट आणि स्कायवॉक होणार, असं तेव्हा म्हणत होते. अण्णा पायऱ्यांनीच चढले, दर दहा पायऱ्यांवर बसत, मोजत. मी मागं दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या घेऊन. मधेच ते बोटं मोजायला लागले. मला वाटलं, आकडा चुकला.

“तुझं अर्धं डिसेंबर 2039 ला होतंय,” ते म्हणाले. “तवा बोलावणं येईल. तयारीत राहा.”

“आणि तुम्ही?”

“मला काय, मी येतोच की. माझं तर फुकटंय.”