काहीही चालतं!

सकाळी साडेसहाला फोन वाजला. फलटणकडच्या दादांचा, म्हणजे आमच्या आतेभावाचा. इतक्या सकाळी गावाकडून फोन आला की आमच्या घरात आधी सगळ्यांचे चेहरे उतरतात, मग हॅलो म्हटलं जातं. पण दादांनी ना कुणाची तब्येत सांगितली, ना कुणाचं दहावं. त्यांनी विचारलं, "तळून उरलेल्या तेलाचं तुम्ही काय करता रे?"

मी हिला विचारलं. "काय करायचं? फोडणीला घालते," ही म्हणाली, आणि पुढचे दोन दिवस भाजीला काही बोलायचं नाही अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"हात्तिच्या!" दादा हळहळले. "तिकडं अमेरिकेत शेतकरी त्याच्यावर ट्रक चालवतात. मिलिटरीचा. लिलावात घेतलेला. त्याला काय बी चालतं!"

दादांच्या नातवाने त्यांना मोबाइल दिल्यापासून अमेरिकेतली शेती त्यांच्या ओसरीवर आली आहे. रात्री जेवण झालं की एक धिप्पाड शेतकरी गवताच्या गठड्या लादलेला हिरवा लष्करी ट्रक घेऊन येतो, टाकीत काळसर तेल ओततो, भोंगा वाजवतो आणि जातो. दादांना झोप लागत नाही.

त्या ट्रकचं नाव एम-३५. अमेरिकन सैनिक त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणत. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री, वर अर्धा, म्हणजे अडीच टन. आमच्या जुन्या पंतोजींनी एका शब्दात अडीचकी म्हटलं असतं, तेव्हा आपणही तेच म्हणू. १९५० च्या सुमारास रिओ कंपनीची ही गाडी लष्करात रुजू झाली ती पेट्रोलवर. साठच्या दशकात तिच्यात कॉन्टिनेन्टलचं बहुइंधनी इंजिन बसलं. सहा सिलिंडर, ७.८ लिटर. महायुद्ध पुन्हा पेटलं तर पंप कुठे शोधत बसणार, हाती लागेल ते ओता आणि चला, असा त्यामागे विचार. डिझेल चालेल, विमानाचं इंधन चालेल, रॉकेल चालेल, अगदीच नड आली तर पेट्रोलही चालेल.

हे कसं जमवलं ते सांगण्यासारखं आहे. साध्या डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा दाबून तापलेल्या हवेत उडतो आणि भडका होतो. जर्मनीतल्या मान कंपनीच्या मॉयरर नावाच्या इंजिनिअराने पिस्टनच्या डोक्यावर वाटीसारखा गोल खळगा केला आणि फवारा हवेत न उडवता त्या वाटीच्या भिंतीवर लिंपला. तापल्या तव्यावर तेलाचं बोट फिरवावं तसा. तेल भिंतीवरून थोडं थोडं वाफ होत जातं आणि जळतं, त्यामुळे ते कुठल्या कुळातलं आहे याची इंजिन फारशी चौकशी करत नाही. अडीचकीने हीच युक्ती उचलली. शिवाय तिच्या पंपाला एक जादा यंत्र. इंधन पातळ आलं की ते माप वाढवतं, दाट आलं की आखडतं. पाहुणा बघून आमटीत पाणी घालणाऱ्या गृहिणीचा हा गुण लोखंडात उतरवायला त्या लोकांना दोन महायुद्धं लागली.

आता गंमत बघा. सर्व काही पिणारं इंजिन करून झालं, हजारो गाड्या फिरल्या, आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ठरवलं की रणांगणावर इंधन एकच हवं. विमानालाही तेच, ट्रकलाही तेच, रणगाड्यालाही तेच. पुरवठा सोपा होतो. झालं! ज्या गुणासाठी अडीचकीला घरात घेतलं, त्या गुणाला गिऱ्हाईकच उरलं नाही. आपल्याकडे बरं आहे. ज्याला काहीही चालतं त्याला खातं मिळतं.

तर या निवृत्त अडीचक्या लिलावात निघाल्या. काही वनखात्याच्या योजनेतून खेड्यांतल्या अग्निशमन दलांकडे गेल्या आणि पाण्याच्या टाक्या पाठीवर घेऊन वणवे विझवू लागल्या. काही शेतकऱ्यांनी घेतल्या. सोव्हिएत संघाशी लढायला जन्मलेलं वाहन मक्याच्या गोण्या ओढू लागलं. आणि शेतकरीच तो! इंजिनावरच्या पत्र्यावर लष्कराने जे लिहिलं नव्हतं ते त्याने ओतून पाहिलं. ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑइल पेट्रोलने पातळ करून. हॉटेलात बटाटे तळून उरलेलं तेल. हे तेल गाळायची पद्धत तर दादांनी मला तीनदा सांगितली. जुनी जीन्स घ्यायची, एक पाय कापायचा, खालून गाठ मारायची, आढ्याला टांगायची आणि वरून तेल सोडायचं. खाली पिंपात टपटप पडतं, वर बटाट्याचा चुरा राहतो. "आपण काकवी गाळतो तसं," दादा म्हणाले. मी म्हटलं, काकवीला धोतराचं फडकं असतं. ते म्हणाले, "मग धोतर घालणाऱ्याच्या गाड्या निराळ्या आणि जीन्स घालणाऱ्याच्या निराळ्या, असं कुठं लिहिलंय?"

व्हिडिओत जे दाखवत नाहीत ते असं. खाद्यतेल दाट असतं, थंडीत गोठतं, ते तापवून पातळ करावं लागतं. म्हणून जाणते लोक दोन टाक्या ठेवतात. निघताना डिझेल, इंजिन तापलं की तेल, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेल, नाहीतर नळ्यांत चिकटा धरतो. भजी तळून कढई तशीच रात्रभर ठेवली की सकाळी तिला जे होतं, ते फवाऱ्याच्या तोंडाशी होतं. अडीचकी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते. आणि जुन्या अडीचकीचे ब्रेक एकाच नळीच्या भरवशावर असतात, कुठेही एक जोड फुटला की चारी दिशा मोकळ्या. इंजिनाला काहीही चालतं, पण ब्रेक मात्र चालतीलच असं नाही.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. सुरुवातीला अमेरिकेतली हॉटेलं हे तेल उचलून न्यायचे पैसे देत. मग शेतकरी आणि हौशी मंडळी म्हणाली, आम्ही फुकट नेतो. हॉटेलवाल्याला आनंद झाला. मग तो विचार करू लागला की हे लोक रोज का येतात? आणि त्याने भाव सांगितला. २००८ मध्ये पेट्रोलियमचे दर भडकले तेव्हा अमेरिकेत हॉटेलांच्या मागच्या पिंपांतलं जळकं तेल चोरीला जाऊ लागलं, पोलिसांत तक्रारी झाल्या, पिंपांना कुलपं आली. ज्या वस्तूला काल नाक दाबून टाकून देत होते, तिला आज पहारा! फुकटचं इंधन फुकट असतं ते पहिल्या माणसाने काडी लावेपर्यंत.

दुसरी मेख सरकारची. ब्रिटनमध्ये वेल्सच्या एका गावात २००२ मध्ये लोक दुकानातलं स्वस्त खाद्यतेल मोटारीत ओतू लागले. सरकारला वाटलं, आपला इंधनकर कढईतून उडून चालला. मग तपासाला माणसं निघाली. गाडी थांबवायची आणि धूर हुंगायचा, बटाटेवड्यासारखा वास आला की पकड. तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना 'फ्राइंग स्क्वॉड' नाव दिलं. पुढे २००७ मध्ये वर्षाला २५०० लिटरपर्यंत सूट मिळाली. अमेरिकेत शेतातल्या वापराचं करमुक्त डिझेल तांबडं रंगवतात आणि ते घालून रस्त्यावर आलं तर जबर दंड. म्हणजे इंजिनाला काहीही चालतं, सरकारला चालत नाही.

हे सगळं दादांना सांगितलं. ते ऐकून घेतात, पटवून घेत नाहीत. "आपल्याकडं लष्कराचा शक्तिमान होता. जबलपूरला बनायचा, तुझ्या त्या मान कंपनीच्याच परवान्यावर. घराणं एकच की!" मी म्हटलं, दादा, घराणं एक म्हणून गळा एक असेलच असं नाही.

पण तेलबियांची हौस त्यांची जुनी. रुडॉल्फ डिझेलच्या नावाचं इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चाललं होतं, ही त्यांची लाडकी गोष्ट. मी हिशेब मांडला. आज शेंगदाणा तेल डिझेलच्या दुपटीच्या आसपास आहे. तुम्ही भुईमूग पेरला, तर त्याच्या तेलावर ट्रक चालवण्यापेक्षा तेल विकून डिझेल घ्या आणि उरलेल्या पैशात चुलत्यांना चहा पाजा. त्यावर दादांनी विषय बदलला, कारण त्यांना मोगली एरंड आठवला असणार. २००३ च्या सुमारास दिल्लीत बायोडिझेलची मोहीम ठरली, आणि पडीक जमिनीतून तेल निघणार म्हणून गावोगाव त्याची रोपं आली. २००९ च्या धोरणाने तर २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचा वायदा केला. दादांनी बांधावर तीनशे रोपं लावली होती. शेळ्या खात नाहीत म्हणून जगली, आणि बिया देत नाहीत म्हणून राहिली. त्यातून इंधन मिळालं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. मागल्या उन्हाळ्यात वहिनींनी वाळक्या फांद्यांवर दोन दिवस पाणी तापवलं.

दादांचे वडील म्हणजे आणखी पुढचे. महायुद्धात पेट्रोलला शिधा लागला तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी त्यांनी पाहिल्या होत्या. मागे भट्टी, ती क्लीनर सळईने ढोसायचा, आणि घाट आला की प्रवासी खाली उतरून ढकलायचे. त्या काळी तिकीट काढणारा माणूसही इंधनात धरला जायचा.

"तुला एक सांगू का," दादा शेवटी म्हणाले, "तुझ्या गाडीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते कशाचं? माझ्या उसाचं. माझा ऊस तुझी गाडी ओढतो, आणि माझा ट्रॅक्टर माझाच ऊस ओढायला पंपावर रांगेत. म्हणून म्हटलं, आपल्यालाही एक काय बी चालणारं असावं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

असा ट्रक घ्यायला दादा लिलावात उतरणार होते, पण ते काही जमलं नाही. जालावर भाग घ्यायचा तर आधी अनामत, मग कागद, मग लष्करी क्रमांकाच्या जागी मुलकी क्रमांक. नातवाने पहिल्याच पानावर हात टेकले. पण दादा तयारीला लागले होते. बाजारतळावरच्या वडेवाल्याकडून त्यांनी तीन कॅन जळकं तेल आणून गोठ्यात ठेवलं. पहिला कॅन फुकट मिळाला. दुसऱ्याला वडेवाल्याने "एवढ्याचं काय करता?" असं विचारलं. तिसऱ्याला त्याने चारशे रुपये घेतले.

गेल्या रविवारी पुन्हा फोन आला. आठवडी बाजार होता, गर्दी तुफान. दहाच्या सुमाराला वडेवाल्याचा पोरगा सायकलवरून गोठ्यात हजर. "दादा, बापूंनी सांगितलंय, तेल कमी पडलंय. त्यातला एक कॅन द्या की माघारी."

तेलातल्या बिघडलेल्या अंशाचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते खाण्यात वापरू नये, असा २०१८ पासून नियम आहे, हे मी दादांना आधीच सांगून ठेवलेलं होतं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"दिला. गाळलेला होता तो."

"जीन्समधून?"

"थोरल्याच्या. धुतलेल्या. चारशे रुपये परत घेतले, वर चार वडे आले." दादा जरा थांबले. "वहिनीला सांगू नकोस. पण पहिल्यापेक्षा बरे लागले."