जुनी पेन्शन, जुने गुरुजी

अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली की शिक्षक निरुपयोगी होतो, असे शासनाचे जुने मत. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि ‘आपली उणीव सदैव भासेल’ हे मुख्याध्यापकांचे वाक्य घेऊन गुरुजी घरी जातात. असली वाक्ये निरोप समारंभापुरती असतात, असा आपला समज. शासनाने मात्र ते मनावर घेतले.

जुलै २०२३ मध्ये हुकूम निघाला की जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना घ्या. वयोमर्यादा ७०, मानधन महिना २० हजार, इतर लाभ शून्य. मुदत शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून कायमचे शिक्षक मिळेपर्यंत. शिवाय नियमित सेवेवर हक्क सांगणार नाही, असे हमीपत्र. एकोणसत्तराव्या वर्षी गुरुजी ‘मला कायम करा’ म्हणून कोर्टात जातील, ही शासनाची धास्ती. निकाल लागेपर्यंत ते नव्वदी गाठतील, हे कुणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

बरे, तरुण शिक्षक मिळतच नव्हते म्हणावे, तर त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या शिक्षक अभियोग्यता चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले होते. त्यांचे डीएड झाले, टीईटी झाली, अभियोग्यताही सिद्ध झाली. नेमणूक तेवढी राहिली. त्यातला एखादा नशीबवान प्राथमिक शाळेत लागलाच, तर पहिली तीन वर्षे तो शिक्षणसेवक, मानधन १६ हजार. तेही जानेवारी २०२३ पासून. त्याआधी ६ हजारांत भागवायचे होते. म्हणजे एकाच व्हरांड्यात पेन्शनवाल्या आजोबांना २० आणि खोलीभाडे भरणाऱ्या नातवाला १६. ज्येष्ठांचा मान राखावा तो असा.

तर गुरुजी पुन्हा रुजू झाले. पहिली ते चौथी एकाच खोलीत. पहिलीला ‘अ’ गिरवायला लावून ते चौथीच्या भागाकाराकडे वळतात, तोच खिचडीवाल्या ताई दारात येतात, ‘गुरुजी, तांदूळ किती काढू?’ तांदूळ ठरतो हजेरीवर, हजेरी जाते ॲपवर आणि ॲप चालते रेंजवर. रेंज फक्त शाळेमागच्या चिंचेखाली. गुरुजी हात उंच करून चिंचेखाली उभे राहतात. तेवढ्यात चौथीतली पोरे बाकी न उरवता भागाकार संपवतात आणि पहिलीतली पोरे शाळा.

नोव्हेंबर उजाडला की त्यांना रजा टाकून बँकेत जावे लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. शाळेच्या हजेरीपटावर हा माणूस रोज सही करतो, त्या सहीवर शासन मानधन काढते. पण तो जिवंत आहे की नाही, याची शासनाच्याच दुसऱ्या खात्याला खात्री नसते. खडू धरून झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. ‘गुरुजी, हात पुसून परत ठेवा ना,’ काउंटरमागची मुलगी म्हणते. ती त्यांच्याच हाताखाली पाढे शिकलेली. ती ओळखते हो, पण तिची ओळख यंत्राला चालत नाही.

मग आला ५ सप्टेंबर २०२४. शिक्षकदिनीच नवा शासन निर्णय निघाला. कमी पटाच्या शाळांतल्या दोन शिक्षकांपैकी एक निवृत्त शिक्षक नेमता येईल, असे त्यात होते; मानधन १५ हजार. वर्षभरात अनुभव वाढला आणि भाव पाच हजारांनी उतरला. बाजारात असे फक्त कांद्याचे होते.

यात जुनी पेन्शन आली कुठून, असे कुणी विचारेल. तिचे आमिष गुरुजींना नाहीच, ते सरकारला आहे. १५-२० हजारांत माणूस वर्गावर उभा राहतो, कारण उरलेला संसार पेन्शन चालवते. हीच ती जुनी पेन्शन. २००५ नंतर लागलेल्यांनाही ती लागू केली तर तिजोरीवर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, असे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सांगितले गेले. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत शिक्षक संपावर गेले. आणि चारच महिन्यांत, त्या न परवडणाऱ्या पेन्शनच्या जिवावर स्वस्तातले गुरुजी शोधायला सरकार निघाले.

आता थोडे गणित करू. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना, मोजके अपवाद सोडले तर, जुनी पेन्शन नाही. बारावीनंतर डीएड करून विसाव्या वर्षी त्या ऑक्टोबरात लागलेला शेवटचा शिक्षक २०४३ साली निवृत्त होईल आणि २०५५ मध्ये सत्तरी गाठेल. तोपर्यंत हा स्वस्त माल पुरेल. त्यानंतर निवृत्त शिक्षकाला बोलवायचे, तर त्याला पोटापुरता पगार द्यावा लागेल आणि तेवढ्यात तर तरुण शिक्षकच येतो.

निवृत्त गुरुजींना जरूर बोलवा. त्यांच्यासारखे पाढे आज कोण घोकून घेणार? पण त्यांना नव्या शिक्षकाच्या जोडीला बसवा, त्याच्या खुर्चीवर नको. ज्या राज्यात लाखो पात्र उमेदवार नेमणुकीची वाट पाहतात आणि वर्गावर सत्तरीचे आजोबा उभे राहतात, तिथे शिक्षकांचा तुटवडा नाही. शिक्षकाला पूर्ण पगार देण्याची दानत तेवढी नाही.