रविवारी करून ठेवा

काटकसरीच्या स्वयंपाकाचा सल्ला ठरलेला: किराणा घाऊक भरा, आठवड्याचं रविवारी करून ठेवा, उरलेलं फ्रिजमध्ये टाका.

हा सल्ला ऊसतोडीच्या फडात नेऊन बघा. गळीत हंगाम लागला की बीडकडचे कोयते कऱ्हाड-वाळव्याच्या फडांत उतरतात. एक कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मजुरीची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली, बहुधा खर्चूनही झालेली. मग घाऊक भरायचं कशातून? राहायच्या कोपीत फ्रिजला जागा नाही हे एकवेळ सोडा, विजेचाच पत्ता नसतो. आणि साखर कारखान्याचा गव्हाणपट्टा रविवार पाळत नाही. बाई अंधारात उठून चुलीवर भाकरी थापते, सोबत ठेचा बांधून घेते आणि फडाची वाट धरते. तिला कुणी ‘मील प्लॅनिंग’ शिकवावं!

आकडेबहाद्दर तर त्याहून उदार. नियोजन आयोगाने २०११ मध्ये शहरात रोजचे ३२ आणि खेड्यात २६ रुपये खर्चणाऱ्याला गरिबीतून बाहेर काढलं. दोन वर्षांनी काँग्रेसचे तेव्हाचे खासदार राज बब्बर यांना मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण सापडलं.

जानेवारी २०२० मध्ये राज्याची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, किंमत १० रुपये. थाळी खरोखर स्वस्त, यात वाद नाही. पण तेव्हा वेळ ठरवली दुपारची, १२ ते २. त्या वेळी फडातली बाई मोळ्या बांधत असते. शिवाय सरकारने स्वतः या थाळीचा हिशेब शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला, वरचे पैसे अनुदानातून. बब्बरांचा स्वयंपाकी सरकारलाही मिळाला नसावा.