चुन्याची निवळी

शहापूर तालुक्याचं गोडं पाणी मुंबई पिते, ही काही बातमी नव्हे. तानसा १८९२ पासून पाजतोय. भातसा तर एकटाच मुंबईची जवळपास निम्मी तहान भागवतो. उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात, तेव्हाही पाणी निमूटपणे मुंबईकडे चाललेलं असतं. एवढं दिल्यावर तिकडून काहीतरी परत यायला हवं, म्हणून मी आसनगावात समुद्र आणला. शंभर लिटर. दोन फुटी काचेच्या टाकीत, हॉलमध्ये, टीव्हीच्या जागी. टीव्ही कपाटावर गेला आणि तेव्हापासून आई मालिका मान वर करून बघते.

याचं मूळ तारापोरवाला मत्स्यालयात आहे. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये उघडलेलं हे मत्स्यालय बघायला सातवीत आमची सहल गेली होती. बाकीची पोरं शार्क शोधत पळाली. मी एका काचेला नाक लावून इतका वेळ उभा राहिलो, की गुरुजींनी मला कानाला धरून गाडीत बसवलं. तो कान पुढे पस्तीस वर्षं दुखत राहिला. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर शांत झालं आणि मी टाकी घेतली.

मी रसायनशास्त्राचा मास्तर आहे, हे इथेच कबूल करतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात गुन्हा तोच आहे. समुद्री टाकीत मासे पाळायचे नसतात, पाणी पाळायचं असतं. मासे त्यात राहतात, एवढंच. म्हणून लोक या छंदाला घाबरतात. मला कसली भीती? सामू, क्षारता, दुष्फेनता हे शब्द मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितोय. पाणी मला विचारून वागेल, अशी माझी समजूत होती.

पहिला सल्ला आईने दिला. "मीठच घालायचं ना? जाडं मीठ घाल. उगाच पैसे कशाला?" मी तिला समजावलं, की मिठागरात मीठ धरलं की मॅग्नेशियमवालं कडू पाणी सोडून देतात. हाती राहतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. त्यावर भात शिजतो, प्रवाळ जगत नाहीत. त्यांना कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम लागतं, मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट. आई म्हणाली, "म्हणजे तुझ्यापेक्षा त्यांचं पथ्य बरं."

मग वीस किलोची खास मिठाची बादली मुंबईहून आसनगाव लोकलने आणली. दादरला ती दाराशी ठेवली. ठाण्याला एक गृहस्थ तिच्यावर बसले आणि खडवली येईपर्यंत उठले नाहीत. उतरताना म्हणाले, "रंग चांगल्या कंपनीचा दिसतो." मी म्हटलं, "समुद्र आहे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि "बरं" म्हणून उतरले. संध्याकाळच्या आसनगाव लोकलमध्ये दमलेल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही.

मीठ आलं, आता पाणी. आमच्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं. बादलीच्या कडेला चार दिवसांत पांढरं खवलं धरतं. ते टाकीत चालत नाही, म्हणून आरओ मशीन आलं. ते एक लिटर शुद्ध पाणी देताना तीन लिटर बाहेर फेकतं. बायको मशीनच्या त्या नळीकडे बघत म्हणाली, "अहो, आपल्याकडे मे महिन्यात पाणी मोजून वापरतात, आणि तुम्ही माशांसाठी तीन लिटर ओतून देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडे होतं. नळीखाली पिंप आलं. त्या पाण्यावर भांडी निघाली, फरशी निघाली, जास्वंद फुलली. आमच्या घरात या छंदातून सिद्ध झालेली एकमेव उपयुक्त गोष्ट म्हणजे ते पिंप, आणि त्यात माझा काही हात नाही.

टाकी भरली तरी मासे लगेच सोडता येत नाहीत. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. ही मंडळी वस्तीला येईपर्यंत महिना-दीड महिना थांबावं लागतं, आणि त्यांना बोलावणं म्हणून पाण्यात एक कच्ची कोळंबी सोडून कुजवायची असते. टाकीची बातमी न सांगता पसरली. "सरांनी मासे आणलेत" म्हणून शेजारपाजारची मंडळी पोरं कडेवर घेऊन बघायला येत, आणि मी त्यांना निळ्या दिव्याखाली सडणारी एक कोळंबी दाखवत असे. लोक सभ्यपणे "छान आहे" म्हणत. आई मात्र रोज हळहळायची, "कालवणात गेली असती."

दीड महिन्याने नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी आली. मग प्रवाळ. इथे एक कायदा आडवा येतो. दगडी सांगाड्याचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मुंबईत सागरी किनारा रस्ता बांधताना खडकाला चिकटलेल्या मूठभर प्रवाळ वसाहती वाटेत आल्या, तर त्या हलवायला केंद्राची परवानगी लागली आणि शास्त्रज्ञ यावे लागले. असला वाघ मला हॉलमध्ये नको होता. डोंबिवलीच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे मऊ प्रवाळ होते, झुआंथिड आणि मशरूम. मनीप्लांटची फांदी द्यावी तसे त्याने चार तुकडे कापून दिले. "सर, यांना काही लागत नाही," तो म्हणाला. बारावीत त्याला रसायनशास्त्रात पस्तीस होते. मी लक्ष दिलं नाही.

मग मी वही घातली. तारीख, तापमान, क्षारता, सामू, कॅल्शियम, अल्कता, शेरा. सकाळी एकदा मोजायचं, रात्री एकदा; कॅल्शियम फक्त रात्री. एप्रिलमध्ये पाणी ३१ अंशांवर गेलं, म्हणून टाकीवर पंखा लावला. पाणी थंड झालं, पण रोज तीन लिटर उडून जाऊ लागलं. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. रस्सा आटला की खारट होतो, तेच शास्त्र. मुरबाडला मेव्हण्याच्या लग्नात चार दिवस रमलो, तेवढ्यात ३५ची क्षारता ४० झाली होती. मासे माझ्याकडे असे बघत होते, जसा मी लग्नातल्या आचाऱ्याकडे बघत होतो.

पण खरा घात कॅल्शियमने केला. कॅल्शियम मोजायची पद्धत मला झोपेत येते. आमच्या प्रयोगशाळेत पाण्याची दुष्फेनता काढतात तीच. नमुन्यात दर्शक घालायचा, रंग गुलाबी होतो. मग थेंबाथेंबाने दुसरं द्रावण सोडत जायचं. गुलाबीचा स्वच्छ निळा झाला की थांबायचं. 'रंग बदलला असं वाटलं म्हणजे बदलला असं नाही,' हे वाक्य मी दर वर्षी प्रत्येक बॅचला ऐकवतो. एका आठवड्यात कॅल्शियम ३८० आलं, मग ३५०, मग ३२०. समुद्र माझ्या डोळ्यांदेखत झिजत होता.

याला उपाय चुना. थट्टा नाही. जगभरचे लोक टाकीत चुन्याची निवळी घालतात. चुना पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, आणि वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. कॅल्शियम मिळतं, अल्कताही मिळते. चुना घरात होताच, आईच्या पानाच्या डब्यात. रात्री आठ वाजता मी अख्खी डबी लिटरभर पाण्यात ढवळली. आता इथे गाळ बसायला दोन-तीन तास थांबायचं असतं. पण वहीत ३२० लिहिलेलं होतं आणि मला साडेआठच्या आत ४२० हवे होते. मी ते पांढरं पाणी तसंच ओतलं. थेंबथेंब नव्हे, तांब्याने.

शाळेत जो विज्ञान शिकलाय त्या प्रत्येक मराठी माणसाला एक वाक्य पाठ असतं: चुन्याची निवळी दुधाळ होते. मी ते हजारदा लिहिलं असेल. त्या रात्री शंभर लिटर दुधाळ झालं. सामू एकदम चढला, आणि पाण्यात होतं तेही कॅल्शियम, सोबत थोडं मॅग्नेशियम घेऊन, भुकटी होऊन बाहेर पडलं. आसनगावात क्षीरसागर अवतरला. फक्त शेषशायी दिसेनात. मासे तर मुळीच दिसेनात.

सामूचा मीटर ९.४ दाखवत होता. उतारा मला ठाऊक होता, कार्बन डायऑक्साइड. निवळीत फुंकर मारत राहिलं की ती आधी दुधाळ होते आणि मग पुन्हा निवळते, हा प्रयोगही दर वर्षी करतो. म्हणून मी एक नळी घेतली आणि टाकीत फुंकू लागलो. बायको स्वयंपाकघरातून आली, तेव्हा मी पांढऱ्या समुद्राकाठी ओणवा होऊन गाल फुगवत होतो.

"अहो, हे काय चाललंय?"

"कार्बन डायऑक्साइड," मी दोन फुंकरींच्या मध्ये म्हणालो.

"मग सोडा आणा ना. बाटलीत भरलेला असतो." आणि ती परत पोळ्या लाटायला गेली.

हे मला सुचायला हवं होतं. साडेनऊला मी स्टेशनबाहेरच्या टपरीवर उभा होतो. तेवढ्यात लोकल रिकामी झाली आणि जिना उतरून अर्धं आसनगाव माझ्या समोरून चाललं. त्यात निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे बाप.

"चार सोडे द्या. साधे." घामाने शर्ट चिकटलेला, हाताला थरथर, डोळे लाल.

टपरीवाल्याने आवाज खाली आणला. "सर, सोबत शेंगदाणे देऊ?"

"नको. माशांसाठी हवाय."

"मासे घरी तळलेत का? मग लिंबू न्या."

मागून एका पालकाने खांद्यावर हात ठेवला. "असू द्या सर. निकालाच्या दिवसांत ताण असतो. आम्ही काय समजत नाही का?"

चार बाटल्या पिशवीत खणखणत घरी आल्या. एकेक कप, दहा-दहा मिनिटांनी, हवेचा पंप चालू ठेवून. साडेअकराला सामू ८.५ वर आला. तोवर मी डोंबिवलीला फोन लावला. सगळं ऐकून तो जुना विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, एक विचारू? कॅल्शियम कधी मोजता?"

"रात्री. कॉलेज, क्लास आटपून."

"टाकीच्या दिव्याखाली?"

मी टाकीवरच्या दिव्याकडे पाहिलं. निळा. गर्द निळा. मग गुलाबी नमुन्याच्या बाटलीकडे पाहिलं. त्या उजेडात ती पहिल्या थेंबापासून निळसरच दिसणार होती. म्हणजे रोज मी वेळेआधी थांबत होतो आणि जितका दमून मोजायला बसे तितका लवकर थांबत होतो. समुद्र जागच्या जागी होता. झिजत होतो तो मी.

"आणि सर," तो चाचरत म्हणाला, "सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांना कॅल्शियम लागतं. झुआंथिड आणि मशरूमना सांगाडाच नसतो. तुम्ही चुना घालत होतात ते नक्की कुणासाठी?"

ज्यांना हाडंच नाहीत त्यांची हाडं बळकट करायला मी आईची डबी रिकामी केली होती. दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलत होतो, नव्या मिठातून लागेल तेवढं कॅल्शियम येत होतं. पस्तीस मार्कांचा मुलगा मला पहिल्या दिवशीच सांगून मोकळा झाला होता.

सकाळी पाणी निवळलं होतं. दगडांवर, वाळूवर, पंपावर पीठ भुरभुरावं तसा थर होता. मासे खडकाच्या खोबणीत, एकमेकांना चिकटून, पण जिवंत. मशरूम मिटलेले होते, ते चौथ्या दिवशी उमलले. आई चष्मा लावून काचेशी आली. "चुना घातलास तो ढवळून का घातलास? निवळू द्यायचं, वरचं तेवढं घ्यायचं. लहानपणी तुला चमच्याने पाजलीय मी निवळी." मग पानाचा डबा उघडून म्हणाली, "आणि माझी डबी कुठाय?"

आता रोज उडालेलं पाणी भरतो, रविवारी पंधरा लिटर बदलतो, आणि बाकी हात खिशात ठेवतो. खिशात ठेवणंच सगळ्यांत अवघड जातं. कॅल्शियम महिन्यातून एकदा, दुपारी, खिडकीत उभं राहून मोजतो. ४१०, ४२०, ४१५. वही बायकोने दुधाच्या हिशेबाला घेतली आहे.

पाणी निवळलं त्याच संध्याकाळी आईसाठी चुना आणायला टपरीवर गेलो होतो. टपरीवाल्याने डबी पुढे केली, इकडेतिकडे पाहिलं आणि मी न मागता तिच्या शेजारी सोड्याची एक बाटली ठेवली.