आधी पडा, मग या

प्रति,
आरोग्यमित्र भाऊ,
योजनेचं टेबल, लिफ्टच्या बाजूला, शहरातला मोठा दवाखाना



परवा तुम्ही आमच्या मायला शहाणं केलंत, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. माय 72 वर्षांची, वजन शंभरीपार, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जोडीला शुगर आणि बीपी. हाडांचे डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं बघू. म्हणून नवंकोरं आयुष्मान वय वंदना कार्ड घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही कॉम्प्युटरात डोकावून सांगितलंत, "वजनाचं पॅकेज नाही. पेशंट भरती लागतो."

29 ऑक्टोबर 2024 पासून या कार्डावर सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार. आम्ही खुळे, त्याचा अर्थ उपचार असाच घेतला. आता उलगडा झाला. मायचं हृदय अडू द्या, अँजिओप्लास्टी फुकट. किडन्या जाऊ द्या, डायलिसिस फुकट. शुगरनं पाय सडला तर तो कापायचंही पॅकेज निघेल. तोवर मायनं धीर धरावा आणि नेटानं आजारी पडत राहावं. आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपी, औषधं हे सगळं ओपीडीत, आणि ओपीडी योजनेच्या बाहेर.

वजन उतरवायचं इंजेक्शन मार्च 2025 मध्ये भारतात आलं, तेव्हा सगळ्यात लहान कुपी 3,500 रुपयांची होती, आणि टोचायचं दर आठवड्याला. मायला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500 मिळतात. खासगी विमेवाल्यांचं तर विचारू नका. ते फक्त ऑपरेशनचं बोलतात, तेही बीएमआय 40 भरला तर, किंवा 35 आणि वर एखादा गंभीर आजार. आणि खुद्द पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2025 च्या 'मन की बात'मध्ये लठ्ठपणावर उपाय सांगितला: तेल 10 टक्के कमी वापरा. आमच्या सोयाबीनवाल्या जिल्ह्यानं तो मान खाली घालून ऐकला.

हे सगळं एकवेळ गिळलं असतं. पण उठताना तुम्ही म्हणालात, "आजी, रोज सकाळी फिरत जा, खाणं जरा कमी करा."

कुठं फिरू तिनं? गावच्या बल्लाळदेवीच्या दर्शनालाही ती ऑटोत जाते. उभी हयात लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करून ते गुडघे झिजलेत, सोफ्यावर बसून नाही. गुडघे गेले म्हणून चालणं गेलं, चालणं गेलं म्हणून वजन चढलं, आणि वजन चढलं म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन अडलं. खाणं म्हणाल तर सकाळी चहासोबत टोस्ट, दुपारी रेशनचा भात, रात्री पुन्हा भात. यातलं काय कमी करायचं, ते सांगणारा माणूस फुकट मिळतो का कुठं? लाज तेवढी तिला फुकट मिळाली. परतीच्या एसटीत चिखलीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

तुमच्यावर ओरडून काय उपयोग म्हणा. पॅकेजची यादी तुम्ही केली नाही. तुम्हीही कंत्राटी, बापाचे गुडघे दुखले तर तुम्हालाही असल्याच एखाद्या टेबलासमोर उभं राहावं लागेल. आणि हेही मी पाहिलं: हातवाल्या प्लास्टिक खुर्चीत माय मावेना, रांगेतली पोरं हसायला लागली, तेव्हा तुम्ही स्वतःखालचं स्टूल काढून दिलंत आणि पुढची सगळी कामं उभ्यानं केलीत. घासून गुळगुळीत झालेला तिचा अंगठा मशीन घेईना, तर ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा पुन्हा लावलात. त्या अख्ख्या दवाखान्यात तिला तेवढाच उपचार मिळाला.

म्हणून एकच मागणं. 'वजनाचं पॅकेज नाही' एवढं एका कागदावर लिहून, खाली शिक्का मारून द्या. तोंडी नकाराला वर कुठल्याच कार्यालयात आवक नंबर पडत नाही. तुमची नोकरी जाणार असेल तर राहू द्या, नुसता कोरा कागद आणि तुमच्या साहेबांचा पत्ता द्या. मजकूर मी लिहितो.

आपला,
एका कार्डवालीचा मुलगा
अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा