झालंराव

पगार पुण्याच्या कंपनीचा आणि बैठक डोंगरकड्याच्या माळवदावर, असा हा गडी. जागेवरून हलायचं नाही, हे त्याचं व्रत. सर्व्हर मुंबईत, साहेब पुण्यात, हा कळमनुरी तालुक्यात. तिघांची गाठ जेन्किन्स घालून देतं. बटण दाबलं की ते एसएसएचवाटे पलीकडच्या मशीनमध्ये शिरतं आणि तिथली स्क्रिप्ट चालवतं.

एसएसएच लिहिलं फिनलंडच्या तातु युलोनेन यांनी, १९९५ साली, विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्डची चोरी झाली म्हणून. त्यामुळे ते मुळातच संशयी. नव्या मशीनशी पहिली गाठ पडली की 'हे ओळखीचं आहे का?' असं विचारतं. झालंरावानं तो प्रश्नच बंद करून टाकलाय. फाट्यावर अनोळखी माणूस उतरला तर कोणत्या गावचा, कोणाचा पाव्हणा, हे विचारल्याशिवाय त्याला न सोडणारा हाच तो!

शेतातली मोटरही मोबाइलवरूनच. (पुण्याच्या संतोष ओस्तवालांच्या नॅनो गणेशसारखी यंत्रं आली आणि रात्रीच्या लाइटीला विंचूकाट्यातून जाणं वाचलं, हे कबूल.)

"झालं," जेवताजेवता हा सांगतो.

"काय झालं?" आप्पा विचारतात.

"मोटर चालू झाली."

"ते कळालं रे. केळीत पानी गेलं का?"

फूटवॉलमध्ये कचरा अडकलेला. मोटर तासभर कोरडीच फिरली.

स्क्रिप्टचीही तीच तऱ्हा. डिस्क भरलेली, फाइल कॉपी झालेली नाही, सर्व्हिस उठत नाही. तरी शेवटची ओळ आहेच: एको 'झालं'. स्क्रिप्ट संपताना शेवटच्या कमांडचा निकाल कळवते, आणि एको सहसा नापास होत नाही. निकाल शून्य, म्हणजे यश! बिल्ड हिरवं. जेन्किन्सची स्वतःची शेल पायरी पहिल्या चुकीलाच थांबते, पण ती शिस्त एसएसएचपलीकडं पोचत नाही. तिथं स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई' आपल्यालाच लिहावं लागतं. झालंरावानं ते एकदा लिहिलंही. बिल्ड लाल व्हायला लागलं, म्हणून लगेच काढून टाकलं.

कंपनीत त्याला मान आहे, कारण त्याचं बिल्ड कधी पडत नाही. आप्पा मात्र हल्ली 'झालं' ऐकलं की बॅटरी घेऊन थेट बागेत जातात.

तुमच्या कंपनीत असा कोणी असेल तर हिरवा रंग बघून घरी जाऊ नका. आधी त्याच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ वाचा.