गेन जरा कमी करा

लग्नाची शूटिंग आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या सुरक्षा-फिल्मा यांवर पालघर-बोईसर पट्ट्यात ज्यांचं पोट चालतं, त्यांना कॅमेरा निवडणं सोपं जातं. शेजारच्या स्टुडिओवाल्यानं कुठला घेतला ते बघायचं आणि त्याच्या पुढचं मॉडेल घ्यायचं. आवाजाच्या रेकॉर्डरचं तसं नाही. तो दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. आणि आवाज बिघडला की पहिली बोंब त्याच गिऱ्हाइकाची.

कॅमेऱ्याला स्वतःचा माइक असतो, हे खरं. पण तो लांबच्या नवरदेवापेक्षा जवळच्या कॅमेरामनच्या श्वासाला जास्त मान देतो. शिवाय पाहुणे दम खायला थांबले की कॅमेरा आपणहून आवाज चढवतो आणि मंडपातला पंखा प्रमुख वक्ता होतो.

आमचं एडिटिंग भाचा बघतो. त्यानं रेकॉर्डरांची यादी काढली. माझं मन २०१० सालच्या झूम एच१ वर जडलं, कारण तो एका पेन्सिल सेलवर चालतो आणि पेन्सिल सेल बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीवरही मिळतो.

"मामा, पण त्याला एक्सएलआर नाही," भाचा म्हणाला.

"नसू दे. आपल्याला तरी कुठं आहे?"

मग त्यानं मला एक्सएलआर समजावून दिलं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ पासून आहे, त्यामुळे विजेबद्दल आम्ही जरा तोऱ्यात असतो. पण हॉलमधल्या वायरिंगजवळून साधी माइकची वायर नेली की ५० हर्ट्झचा जाडसर 'हं' तिला चिकटतो. अख्ख्या मुलाखतभर कुणीतरी होकार देत बसल्यासारखं वाटतं. एक्सएलआरच्या वायरीत आवाज दोन तारांतून जातो, एकीत सुलटा, दुसरीत उलटा. 'हं' मात्र दोन्हींना सारखाच चिकटतो. रेकॉर्डर दोघींची वजाबाकी करतो. 'हं' जातो, आवाज उरतो. शाळेत वजाबाकीचा एवढा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता.

माहितीपत्रकं मात्र भलत्याच गावासाठी लिहिलेली असतात. यंत्र स्वतः किती कमी खरखर करतं, याचे आकडे त्यांत ठळक छापतात. ती खरखर ऐकू यायला आधी शांतता लागते. ती बोईसरला कुठून आणायची? मालगाडी, डहाणू लोकल, स्टेशनवरची घोषणा, रिक्षावाल्यांची 'चला, एमआयडीसी, एमआयडीसी', त्यातून उरलेल्या जागेत कुत्री. आपल्या कानाला याचं काही नसतं. कान भिडस्त आहे; नको ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करतो. यंत्राला भीड नाही.

एका कंपनीत कानांच्या संरक्षणावर फिल्म करायची होती. सेफ्टी ऑफिसर आम्हाला खास निवडलेल्या खोलीत घेऊन गेले. "इथं अगदी शांत आहे, साहेब." मी हेडफोन लावला. एसी, भिंतीपलीकडचा ब्लोअर, ट्यूबचा चोक, साहेबांच्या खुर्चीचा करकरणारा पाय, आणि मधूनमधून एक गूढ गुडगुड. जेवणाची सुट्टी व्हायला अवकाश होता आणि ती गुडगुड साहेबांच्या पोटातून येत होती. एसी बंद करता येतो. पोटाला काय सांगणार?

हळदीला प्रश्न उलटा. भटजी पुटपुटत असताना गेन (म्हणजे माइकचा आवाज किती चढवून घ्यायचा ते) वाढवून ठेवावा, तोच बँजो पार्टी 'वन टू थ्री' म्हणते. फाटलेला शालू रफू करता येतो, फाटलेला आवाज नाही. २०२२ साली आलेल्या झूम एफ३ला गेनचं बटणच ठेवलेलं नाही. ३२ बिट फ्लोट नावाच्या पद्धतीत पुटपुट आणि बँजो दोन्ही एकाच फाइलीत मावतात, मागाहून हवं ते वर-खाली करा. फक्त माइकनंच हाय खाल्ली तर इलाज नाही. त्याला एक्सएलआर दोन, आणि पेन्सिल सेलही दोनच! मी विरघळलो.

बोरा बाजारातल्या दुकानदारानं विचारलं, "काम काय तुमचं?" आम्ही सांगितलं: हळद, कंपनी, सातपाटीचा किनारा, तारपा. तो म्हणाला, "मग चार घ्या." आम्ही एफ३ घेतला आणि जुन्या बाजारातून एक सेकंडहँड एच१, भटजींच्या खिशासाठी.

सातपाटीला वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी चढवावी लागते. वलांडीवर बोंबील वाळत होते. त्यांच्या राखणीला बसलेल्या आजीनं ती टोपी बघून काठी उचलली. तिला वाटलं, मांजर आलं.

तारप्यानं तर भाच्याची सगळी विद्या उतरवली. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा दम न तोडता वाजवतो आणि नाचणाऱ्यांसोबत स्वतःही फिरतो. माइक धरावा तिकडून कर्णा निघून जातो. शेवटी भाचा माइक घेऊन नाचाच्या रांगेत शिरला. आवाज उत्तम आला. भाचा नीट नाचला नाही.

चित्र आणि आवाज जुळवायला टाळी लागते. लग्नात ती फुकट मिळते, अंतरपाट दूर झाला की सगळेच वाजवतात. फक्त कॅमेरा हॉलच्या मागे असेल तर त्याच्या माइकला टाळी उशिरा पोचते. चौदा मीटरला साधारण एक फ्रेम.

त्या टाळीच्या शोधात भाच्यानं रात्री भटजींच्या खिशातली फाइल उघडली. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी भटजी मोबाइलवर कुणाला तरी सांगत होते, "वाणगावला साडेबारापर्यंत पोचतो. इथलं आवरलंच म्हणा." त्यानंतर वरमाईच्या साडीबद्दल दोन शब्द होते.

आम्ही ते कापलं. गोष्ट मात्र फुटलीच, कारण भाच्याला कापण्याआधी चार मित्रांना ऐकवल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्या लग्नात भाचा माइक लावायला गेला, तसा भटजींनी त्याचा हात धरला. म्हणाले, "मुलीच्या मामाला लाव रे. तो नुसता मागे उभा असतो."